लुशाच्या मिरच्या

लुशा ओझेरॉफकडे कुणी सुकलेलं रोप घेऊन गेलं, की ती आधी आणणाऱ्याला झापायची आणि मग रोपाकडे बघायची. स्लोकन नदीच्या काठच्या आमच्या गावात ही गोष्ट सगळ्यांनी मान्य केलेली होती. दरवर्षी मे महिन्यात प्रार्थनाघराच्या अंगणात रोपांची विक्री व्हायची. तिथे लुशाच्या टोमॅटोच्या रोपांपुढे रांग लागायची, आणि बाकीच्या बायका आपापली कोबीची रोपं मांडून उगाच हसत उभ्या राहायच्या. लुशा डोक्याचा रुमाल घट्ट बांधून एकेकाला विचारायची, "मागच्या वर्षीचं काय केलंस? बुडवलंस ना पाण्यात?" बुडवलेलंच असायचं. माणूस मान खाली घालायचा आणि नवं रोप घेऊन जायचा.

अशा बाईने वसंत लागायच्या आधी आपल्या बान्यात, म्हणजे वाफेच्या आंघोळीच्या खोपटीत, गांज्याचं बी लावलं.

कायद्याचं म्हणाल, तर त्यात काही नव्हतं. घरटी चार झाडं कुणीही लावावीत, कॅनडा सरकारची ना नाही. पण लुशाला सरकारची भीती कधी वाटलीच नव्हती. दुखोबोर लोकांना, म्हणजे लढाई नको म्हणून रशिया सोडून आलेल्या आम्हा लोकांना, सरकारची भीती वाटत नाही, ते त्यांच्या रक्तातच नाही. लुशाला भीती होती ती नणंदेची.

तर ही नणंद म्हणजे पॉली. वॉल्टरची, म्हणजे लुशाच्या नवऱ्याची धाकटी बहीण. रस्त्यापलीकडे राहते, एकटी, मऊ स्वभावाची. आदल्या शरदात प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात सगळ्याजणी पिराही भरत होत्या. पीठ लाटायचं, आत कोबी नाहीतर बटाटा, आणि भट्टीत. पॉलीची मनगटं दुखायची, म्हणून तिने नेल्सन गावातल्या दुकानातून गांज्याचं मलम आणून लावलं होतं. लुशाच्या नाकाला काय, बुरशी लागायच्या आधी तिचा वास येतो. तिने लाटणं खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पॉली, त्या हातांनी पिठाला शिवू नकोस. प्रार्थनाघराची भाकर आहे ती. तू आपली सिंककडे जा."

पॉली सिंककडे गेली. हिवाळाभर ती भांडी घासत राहिली. थंडी उतरणीला लागल्यावर यायचीच बंद झाली. लुशा म्हणाली, "रुसली असेल. येईल." ती काही आली नाही.

आणि त्याच हिवाळ्यात वॉल्टरची बोटं वळली. आयुष्यभर लाकडाच्या गिरणीत ओंडके ओढलेली बोटं ती, आता त्यांना शर्टाचं बटण लागेना. गायकवृंदातला त्याचा तो खालचा जाड आवाज अजून शाबूत होता, पण सकाळी अंग इतकं आखडायचं की प्रार्थनेला उभं राहता येईना. मग रविवारी तो घरी खिडकीशी बसून एकटाच खालचा सूर लावायचा, वरचा सूर लावायला कुणी नसताना. ते ऐकवत नसे. डॉक्टर म्हणाले, गांज्याचं मलम लावून बघा, बऱ्याच जणांना बरं वाटतं. लुशाने डॉक्टरांकडे असं बघितलं की बिचारे पुढे हवापाण्याबद्दल बोलायला लागले.

मलम नेल्सनला मिळत होतं. पण नेल्सनच्या त्या दुकानाच्या समोरच लोकर मिळते, आणि लोकर घ्यायला गावातली कुठली बाई कधी येईल याचा नेम नाही. म्हणून मग हा उद्योग. व्हँकुव्हरला मुलगी होती, लोरेन. तिला लुशाने फोन केला, आधी हवेचं विचारलं, नातवाच्या दातांचं विचारलं, आणि शेवटी हळूच म्हणाली, "ते बी मिळतं का गं तिकडे?"

"कसलं बी, मम्मा?"

"तेच ते. लोक लावतात ते."

लोरेन म्हणाली, "मम्मा, तू माझ्या कॉलेजच्या खोलीत नुसती अगरबत्ती सापडली म्हणून तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस."

"तू पाठवतेस की नाही ते सांग."

बी आलं, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून. सोबत लागवडीच्या सूचनांचा कागदही होता. तो लुशाने चूल पेटवायला वापरला. बी म्हणजे बी, तिला कागद काय शिकवणार?

आता लावायचं कुठे, हा प्रश्न होता. खिडकी रस्त्यावर, आणि रस्त्यापलीकडे पॉली. तळघरात वॉल्टरचं येणं-जाणं. राहिला परसातला बान्या. वाफेच्या आंघोळीची ती लाकडी खोपटी, शनिवार सोडला तर आठवडाभर रिकामी. उबदार, अंधारी, दार घट्ट. लुशाने वरच्या फळीला दिवा टांगला, खाली ट्रे ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "मिरच्या लावल्यात. लांबच्या जातीच्या आहेत, त्यांना ऊब लागते. तू उगाच दार उघडू नकोस."

"बरं," वॉल्टर म्हणाला.

चारही बिया उगवल्या. पहिली दोन गोल पानं, मग करवतीसारख्या दातांची दोन, आणि लुशाला वाटलं, एवढंच तर होतं. मग तिने आपली नेहमीची कला सुरू केली. खाजऱ्या पाल्याचं आंबवलेलं पाणी, जे तिच्या टोमॅटोंना अमृतासारखं लागू पडायचं, ते घातलं. पानांची टोकं करपली. करपली म्हणून साधं पाणी घातलं. पानं पिवळी झाली. पिवळी झाली म्हणून अजून घातलं. दिवा वर, रोपं खाली, त्यामुळे त्यांच्या माना लांबच लांब झाल्या आणि देठ दोऱ्यासारखे. शनिवार आला की सकाळीच ट्रे पोत्याखाली झाकून तळघराच्या मागच्या कोपऱ्यात न्यायची आणि वाफ विरली की परत आणायची. बान्याच्या भिंती मात्र दोन दिवस ओल्या असायच्या. एका सकाळी बघते, तर एक रोप बुडाशी काळं पडून आडवं झालेलं. दोन दिवसांनी दुसरं.

त्या दिवशी लुशा बान्याच्या पायरीवर बराच वेळ बसली. हे तिच्या बाबतीत आजवर कधी झालं नव्हतं. गावात ज्याला त्याला ती हेच तर म्हणायची, बुडवलंस ना. आणि आता मेलेली रोपं शेणखताच्या ढिगात पुरताना तिने चारी बाजूंना बघून घेतलं, कोंबडी चोरल्यासारखं.

उरलेल्या दोन रोपांसाठी तिला कुणाला तरी विचारणं भाग होतं. नदीच्या वरच्या अंगाला रसेल राहायचा. अमेरिकन. तरुणपणी लढाईला जायचं नाही म्हणून सरहद्द ओलांडून पळून आलेला, आणि पळून आलेल्याला आमच्या लोकांनी कोबीच्या सुपाचा, म्हणजे बोर्शचा, वाडगा वाढला, विचारपूस केली नाही. तो इथेच राहिला. त्याच्या कुंपणावरून जे काही डोकवायचं त्याबद्दल लुशाने त्याला वर्षानुवर्षं टोमणे मारले होते. ती त्याच्याकडे अंडी घेऊन गेली.

"माझ्या मिरच्या जरा नाराज आहेत," ती म्हणाली.

"तुझ्या? मिरच्या?" रसेल अंडी मोजता मोजता थांबला.

"परदेशी जात आहे. नाजूक."

"पानाला दाते आहेत का?"

लुशा कुंपणाकडे बघायला लागली. "असतील थोडे."

रसेलने हसू दाढीत दडवलं, तेवढी दाढी त्याला होती. "हे बघ लुशा, या असल्या मिरचीला लहानपणी खत द्यायचं नाही. बी आपला डबा स्वतः घेऊन येतं. दिवा खाली आण, तळहात मध्ये धरून चटका बसणार नाही इतका. छोटा पंखा लाव, म्हणजे देठ झुलून झुलून घट्ट होतो. आणि पाणी माती सुकल्यावरच. ट्रे उचलून बघायचा, हलका लागला तर द्यायचं."

"एवढं मला कळतं."

"कळतंच. मला कुणी शिकवलं? मी आलो त्या वर्षी तू मला कोबीची रोपं दिलीस आणि म्हणालीस, पोरा, झाडाला पाणी पाज, आंघोळ घालू नकोस. मी आजवर तेवढंच करतोय."

लुशाचे कान तापले. ती म्हणाली, अंड्यांची टोपली नंतर पाठव, आणि इतक्या झपाझप निघाली की रसेलचं कुत्रं तिला पोचवायला गेलं ते अर्ध्या वाटेवरून दमून परत आलं.

पण तिने ऐकलं. दिवा खाली आला. जुना पंखा आला. खाजऱ्या पाल्याचं पिंप बंद झालं. रोज पहाटे ती जायची, ट्रे दोन्ही हातांनी उचलून तोलायची आणि पाणी न देता परत ठेवायची. पाणी न देणं तिला फार जड जायचं. तरी दोन्ही सावरली. नवी पानं हिरवीगार फुटली, देठ जाड झाले. लुशा मनातल्या मनात हिशेब करायची, शरदापर्यंत फुलं येतील, तुपात उकळून मलम होईल, वॉल्टरला सांगायचं की खाजऱ्या पाल्याचंच आहे. पॉलीला कळायचं कारण नाही.

तेवढ्यात म्हातारा मिशा चेर्नॉफ गेला. वॉल्टरचा जिवलग, गायकवृंदात त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. मयत रविवारी ठरली आणि शनिवारी सगळ्या बायका प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात. बोर्श, शेवयांचं सूप, पिराही. लुशा सकाळीच निघाली. निघताना म्हणाली, "आज काही बान्या पेटवायला नको. वेळ नाही." आणि मनात म्हणाली, बरंच झालं, आज ट्रे हलवायला नको.

दुपार कलायला आली. लुशा कोपरापर्यंत पिठात. खिडकीपाशी कांदा चिरणारी कुणीतरी म्हणाली, "लुशा, तुमच्या बान्यातून धूर येतोय गं. वॉल्टर आंघोळ करणार वाटतं."

पिठाचे हात तसेच घेऊन लुशा धावली. ॲप्रन फडफडतोय, रुमाल मागे घसरलाय, वाटेत पोस्टातली बाई हाक मारतेय, हिचं लक्ष नाही. एवढ्या वयाची बाई एवढ्या जोरात धावताना बघून दोघाजणांनी आग लागली समजून बादल्या काढल्या म्हणतात.

परसात शिरली आणि जागीच थबकली.

बान्याच्या बाहेर बाकावर वॉल्टर बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून. पायाशी माती सांडलेली. शेजारी पॉली. पॉलीच्या मांडीवर ट्रे, आणि चहाच्या चमच्याने ती एका रोपाच्या बुडाशी माती दाबत होती. हळू, बाळाची दुलई सारखी करावी तशी. दुसरं रोप मधोमध मोडून बाकावर पडलं होतं.

"मिरच्या छान आल्यात," पॉली म्हणाली. वर बघितलं नाही.

लुशाच्या बोटांवरचं पीठ वाळून आवळायला लागलं होतं.

"चूक माझी आहे," वॉल्टर म्हणाला. "उद्या मिशासाठी उभं राहायचं, म्हणून वाफ घ्यावीशी वाटली. सरपण मला उचलवत नाही, म्हणून पॉलीला बोलावलं. म्हटलं ती यायच्या आत ट्रे तळघरात नेऊन ठेवू." त्याने हातांकडे बघितलं. "नाही जमलं."

"तुला माहीत होतं?"

"लुशा, पन्नास वर्षं तुझ्या मिरच्या खातोय. मिरचीचं पान ओळखतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकं जपून लपवत होतीस. म्हटलं लपवू दे."

लुशा बाकाच्या टोकाला टेकली. त्या वाकड्या बोटांनी त्याने ट्रे उचलायला घेतला होता. दुखऱ्या हातांसाठी लावलेलं झाड त्याच हातांतून पडलं, आणि ते कशासाठी, तर बायकोची अब्रू आपल्या बहिणीपासून झाकायला. तिला वाटलं, बान्याच्या पायरीखाली उंदराचं बीळ आहे, त्यात मावले असते तर बरं झालं असतं.

"पॉली," ती म्हणाली. हातांवरचं वाळलेलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "चल माझ्याबरोबर. पीठ मळायचंय अजून. तू मळ."

पॉलीने चमचा ट्रेच्या कडेला पुसला. "भांडी घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली होती, लुशा. हिवाळाभर. तू एकदा तरी मागे वळून बघितलंस?"

"नाही."

"आज तुला लाज वाटतेय म्हणून बोलावतेस. लाज उतरली की मग बोलाव, तेव्हा बघू." तिने ट्रे लुशाच्या मांडीवर ठेवला आणि उठली. ॲप्रनच्या खिशातून एक चपटी डबी काढून बाकावर ठेवली. "याला लाव. तुझं झाड शरदात तयार होईल. मयत उद्या आहे."

आणि गेली. फाटक तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर लुशाला बरं वाटलं असतं.

वॉल्टर वाफ घेऊन आला, तेव्हा लुशा हात धुऊन डबी घेऊन बसली होती. तिने त्याचा उजवा हात घेतला आणि एकेक बोट चोळायला सुरुवात केली. गाठी तिच्या अंगठ्याखाली लागत होत्या. इतके दिवस तिने ट्रेचं वजन रोज तोललं होतं, या हातांचं कधी तोललं नव्हतं. वॉल्टर डोळे मिटून बसला. मध्येच म्हणाला, "वास वाईट नाही गं." तिने नाक तेवढं पुसलं, बाहीने.

मग परत जाणं भाग होतं, कारण गावाला उद्या जेवायचं होतं. जायच्या आधी तिने साबणाने हात धुतले. हुंगून बघितले. परत धुतले. तो वास कुठला जातोय. तिनेच तर शरदात सगळ्यांना सांगितलं होतं की तो जात नाही.

स्वयंपाकघरात तिची जागा तशीच रिकामी होती, पीठ ओल्या फडक्याखाली वाट बघत होतं. लुशा त्याच्याजवळून पुढे गेली, सिंकपाशी उभी राहिली आणि बोर्शचं पातेलं घासायला घेतलं.

"लुशा, पीठ फुगलंय," कुणीतरी म्हणालं.

"मळा तुम्ही."

"आणि तू?"

लुशाने नळ बंद केला. पाण्याच्या आवाजात सांगणं सोपं होतं, म्हणूनच बंद केला. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "मी आत्ता वॉल्टरच्या हातांना ते मलम लावून आलेय. पॉलीचं. आणि बान्यात झाड लावलंय, त्याच कामासाठी. चार लावली होती, एक राहिलंय. पिठाला शिवायचं नाही असं मीच म्हटलं होतं, तेव्हा मी इथेच बरी."

सुरी थांबली, लाटणी थांबली. बोर्श तेवढा रटरटत होता. लुशाच्या मानेवर सगळ्यांचे डोळे टोचत होते. ग्रुन्या आजी, जी गावात सगळ्यांत म्हातारी आणि खुर्चीत बसून फक्त शेवया मोजायची, ती शेवटी म्हणाली, "असं असेल तर अवघड आहे बायांनो. सिंक एकच आहे."

कुणाला कळेना. ग्रुन्या आजीने आपला गुडघा थोपटला. "मी रोज लावते. ती दारापाशी उभी आहे ना, तीच आणून देते मला. आणि तिची जाऊ पाठीला लावते. अर्धं स्वयंपाकघर भांडी घासायला गेलं तर मिशाला काय उपाशी पोचवायचा?"

कुणी खुसखुसलं. मग दुसरी. लुशा हसली नाही. तिच्या लक्षात आलं ते वेगळंच. एवढ्या जणी, इतके दिवस, आणि तिला एकीनेही सांगितलं नव्हतं. सगळ्या तिच्यापासून लपवत होत्या, जशी ती पॉलीपासून. फक्त पॉलीला लपवता आलं नाही, आणि तेवढ्यासाठी ती एकटी हिवाळाभर इथे उभी राहिली, गार पाण्यात हात घालून, आणि तेव्हा यातली एकही बाई बोलली नव्हती. लुशाच्या जिभेला घाबरून.

"पिठाकडे ये," ग्रुन्या आजी म्हणाली.

"आज नाही," लुशा म्हणाली, आणि सगळी पातेली घासूनच घरी गेली.

रविवारी वॉल्टर मिशासाठी उभा राहिला. पूर्ण वेळ नाही, पण बराच. पॉली मागच्या रांगेत होती. आमच्याकडे एकमेकांपुढे वाकून नमस्कार करतात, समोरच्यातल्या देवाला. लुशा वाकली ती जरा जास्तच खाली, आणि वर यायला वेळ लागला. पॉलीनेही वाकून परत केला. जेवढा करायचा तेवढाच.

सोमवारी सकाळी लुशाने ते उरलेलं एक रोप बान्यातून आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, टोमॅटोंच्या ट्रेशेजारी, रस्त्याकडच्या बाजूला. वर दिवा टांगला. येणारे-जाणारे बघत होते. पोस्टातली बाई दोनदा गेली, तिचं त्या बाजूला काही काम नसताना. लुशा आत कणीक तिंबत बसली, कान लाल करून, पण पडदा तिने ओढला नाही.

दुपारी पॉली पत्रपेटीकडे जायला निघाली. खिडकीसमोर थांबली. दोघींच्या मध्ये काच.

"दिवा वर आहे," पॉली रस्त्यावरून म्हणाली. "मान लांब होतेय त्याची."

लुशाने स्टूल ओढलं, चढली, साखळीच्या दोन कड्या खाली घेतल्या आणि मध्ये तळहात धरून बघितला. मग बाहेर बघितलं.

पॉली तिथेच उभी होती, पत्रं न घेता. "अजून एक कडी," ती म्हणाली.